सायकल, रेकॉर्डर आणि लेण्याद्री : ऐकण्याच्या इतिहासाविषयी थोडेसे

मराठीत इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांपुढे दप्तर उभे राहते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची आणि अडगळीतली रुमाले सोडवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड उभे केले. त्यातला पहिला खंड १८९८ सालचा. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि कागद जमवण्याच्या कामाला घर मिळाले. या कागदांचे ऋण न फिटणारे आहे. मात्र ते कितीही वाचले तरी एक गोष्ट त्यांत जवळजवळ सापडत नाही, ती म्हणजे आवाज. ज्या वाड्यात बसून कारकून पत्र लिहीत होता, त्या वाड्याच्या मागच्या अंगणात जाते चालू असणार, विहिरीवर रहाट करकरत असणार, गल्लीतून कोणी ओरडत चालला असणार. कारकुनाने यातले काही टिपून ठेवले नाही. सर्वांना रोज ऐकू येणारी गोष्ट लिहून ठेवावी असे कोणाला वाटेल?

थोरांच्या आवाजाबद्दल हळहळ व्यक्त करण्याची रीत आपल्याकडे आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आपले यंत्र घेऊन उतरले ते १९०२ साली. एवढ्याशा अंतराने 'सौभद्रा'तल्या सुभद्रेचा आवाज कायमचा गेला, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण मोटेच्या चाकाची कुरकुर कोणी जपली नाही म्हणून हळहळणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही.

यंदाच्या जानेवारीत आम्ही दोघे पुण्याहून सायकलींवर निघालो ते काहीसे या प्रश्नाच्या टोचणीने, आणि काहीसे एका जुन्या चुकीच्या ओझ्याने. त्या चुकीविषयी पुढे लिहायचे आहेच. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, जुन्नर, लेण्याद्री, तिथून नाणेघाट, मग घोडेगाव आणि डिंभ्याच्या वरच्या वाड्या, आणि परत, असा जवळजवळ तीनशे किलोमीटरांचा फेरा सहा दिवसांत झाला. सोबत हाताच्या पंजाएवढा रेकॉर्डर, त्याच्या माइकवर चढवायची केसाळ टोपी, कानावर घ्यायचे हेडफोन आणि एक वही. आम्ही दोघेही वर्गात लोकसाहित्य शिकवतो. ध्वनिशास्त्र शिकलेलो नाही.

सायकल का, असे अनेकांनी विचारले. मोटारीत बसलेल्या माणसाला मोटारच ऐकू येते, हे त्याचे सरळ उत्तर. अर्थात सायकल निःशब्द असते हाही एक गोड गैरसमज. साखळी बोलते, उतारावर पाय थांबवले की फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होते, आणि ताशी पंधरा किलोमीटर वेगातही कानाशी वारा एवढा घोंघावतो की मुद्रण निरुपयोगी ठरते. म्हणून चालत्या सायकलीवरून काही मिळत नाही. सायकलीचा खरा उपयोग एवढाच की तिच्यावरून कुठेही, कोणाला न विचारता, क्षणात उतरता येते. पहिल्या दिवशी चाकणपर्यंत आम्ही एकदाही उतरलो नाही. नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या हॉर्नखेरीज दुसरे काही असेल तर ते आम्हांला ऐकू आले नाही.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली फेरी पुरी करून परतले आणि १९३१ साली त्यांच्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तकही निघाले. वाळवंटे आणि डोंगर ओलांडलेल्या त्या माणसांच्या कानांवरून काय काय गेले असेल! पण त्यांच्या काळात आवाज टिपणारे यंत्र खांद्यावर टाकून नेण्यासारखे नव्हते. आवाज यंत्राकडे जात असे. फ्रँकफुर्टमध्ये १८८९ साली लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेल्या एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, घरातल्या पिंजऱ्यातल्या पाखराचा आवाज उतरवला. जगातले ते पहिले ज्ञात पक्षिमुद्रण मानले जाते, आणि ते पाखरू होते आपल्याकडचे, शामा. आपल्या रानातला आवाज पहिल्यांदा टिकला तो जर्मनीतल्या पिंजऱ्यात.

पुढे ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातल्या अनेक भाषा-बोली तबकड्यांवर घेतल्या गेल्या. तिथेही बोलणाऱ्याला यंत्रापुढे बसवून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला लावण्याची रीत होती. बोली जतन झाली, हे मोठेच काम. पण ती बोली ज्या आवाजांच्या मध्ये बोलली जाते तो बाजार, ते अंगण, ती गुरे खोलीच्या बाहेरच राहिली.

दुसऱ्या दिवशी नारायणगावाजवळ एक गंमतीचा विरोध पाहायला मिळाला. खोडदच्या परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विशाल रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही एकमेकींजवळ आणि उरलेल्या शेताशिवारांतून दूरवर पसरलेल्या. वर्तमानपत्रे लिहितात की त्या आकाशाचा आवाज ऐकतात. ऐकत नाहीत. त्या रेडिओलहरी टिपतात, ज्यांना कान नाही. ही जागा निवडण्याचे एक कारण असे की इथे माणसाने निर्माण केलेला रेडिओगोंधळ कमी होता. पण त्या तबकडीच्या सावलीजवळ उभे राहून हेडफोन लावले तर काय ऐकू येते? पाण्याच्या मोटारीची गुणगुण, ट्रॅक्टरवरचे सिनेगीत, टोमॅटोच्या क्रेटांची आदळआपट आणि दूर कुठे उसाच्या फडातून पाखरे हाकणारी हाक. याच नारायणगावच्या विठाबाईंचा आवाज तबकड्या-फितींवर उरला आहे. विठाबाई २००२ साली गेल्या. लावणी उरते. कनातीबाहेरच्या जनरेटरची धडधड, पाळण्यात रडणारे फडातले पोर, पडदा उघडण्याआधीची प्रेक्षकांतली कुजबुज, हे मात्र कोणी मुद्दाम मुद्रित केले असेल असे वाटत नाही.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, कुकडीच्या काठच्या गोळेगावात, आम्ही मुक्काम केला आणि पहाटे, डोलीवाले येण्याच्या आधी, पायऱ्या चढू लागलो. ही सुमारे तीस लेणी एका रांगेत, दक्षिणेकडे तोंड करून, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत खोदलेली आहेत. सातव्या लेण्यात, एका मोठ्या बिनखांबी विहारात, गिरिजात्मज गणपती आहे. त्याच्या शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. बहुतेक भाविक सातव्यात जातात आणि सहाव्याकडे डोकावून परततात. आमच्या पथ्यावर पडले.

चैत्यगृहात आम्ही चाळीस मिनिटे काही न बोलता बसलो. हेडफोनमधून प्रथम ऐकू आला तो पारव्यांचा घुमण्याचा आवाज. तो नेमका कोणत्या खांबामागून येतो हे सांगता येईना, कारण वरची कमानदार पाठ त्याला उचलून दुसरीकडे ठेवत होती. मग वटवाघळांची चिरचिर. मग बाहेरच्या कड्यावरच्या आग्या मोहोळांची एक सलग, खालच्या सुरातली घुमघुम, जी उघड्या कानांना जवळजवळ जाणवत नव्हती. (ही मोहोळे इथे खरोखर धोक्याची आहेत. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ती उठतात, म्हणून आम्ही टाळी वाजवून पाहण्याचा मोह लेण्याच्या अगदी आत जाऊनच, तोही एकदाच पुरवला.) टाळीचा नाद विझायला चांगला वेळ लागला. सव्वासहाच्या सुमारास शेजारच्या लेण्यातली घंटा वाजली आणि तिची सूक्ष्म थरथर खडकातून आली की हवेतून, यावर आमचा अजून वाद आहे.

इथे एक मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. 'दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी ऐकला तोच हा नाद' असे वाक्य लिहिण्याचा हा मोह. ते खरे नाही. तेव्हा इथे माणसे भरलेली असत, आणि माणसांच्या अंगावरचे कापड नाद पिऊन टाकते. लाकडी कामे असतील, पडदे असतील, जमिनीवर काही अंथरलेले असेल. भिंतींना गिलावा असेल. रिकाम्या लेण्याचा नाद हा आजचा नाद आहे, सोडून दिलेल्या घराचा. तरीही हे ऐकणे निरर्थक नाही, कारण त्या काळचा धर्म मुख्यतः कानांनी चालत होता. सुत्ते मुखाने म्हटली जात, ऐकून पाठ केली जात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या एका 'भाणका'चे दान नोंदलेले आहे. भाणक म्हणजे पठण करणारा. ज्याचा सारा व्यवसाय आवाजाचा, त्याची आठवण उरली ती मुक्या अक्षरांत.

जुन्नरच्या लेखांतही असेच आहे. या चैत्यगृहाचे दान कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे, असे लेख सांगतो. जुन्नर परिसरातल्या इतर लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकारांच्या श्रेणी येतात. इरिल आणि चिट अशा नावांचे यवनही येतात. इतिहासाचा विद्यार्थी यातून व्यापार, श्रेणीसंस्था आणि घाटमार्ग वाचतो. लेण्याच्या ओसरीत बसून आम्हांला वाटले ते वेगळे. कांस्यकारांची श्रेणी असलेल्या नगरात दिवसभर काय वाजत असेल! आणि परदेशातून आलेला तो चिट प्राकृत बोलताना कुठे अडखळत असेल? लेखातले प्राकृत तर सगळ्यांचे एकाच वळणाचे.

नेमक्या त्याच वेळी खालच्या वडावर तांबट बोलू लागला. टुक, टुक, टुक, एकाच लयीत, जणू कोणी तांब्याच्या भांड्याला ठोके पाडत आहे. या पाखराला मराठीने तांबट म्हटले ते या आवाजामुळे. आळीतला तांबट आपले दुकान मिटून गेला तरी त्याच्या हातोडीची लय या नावात राहिली आहे. याच रीतीने पावशाच्या ओरडण्यात शेतकऱ्याने 'पेरते व्हा' ऐकले. म्हणजे ज्याला आपण ध्वनिमुद्रण म्हणतो ते काम यंत्राच्या आधी भाषेने चालवलेले होते. ते ढोबळ होते, ऐकणाऱ्याच्या गरजांनी वाकलेले होते, पण होते.

या दृष्टीने मोल्सवर्थचा कोश पुन्हा चाळावा. १८३१ सालचा हा कोश, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. आपण त्याच्याकडे शब्दार्थांसाठी जातो. पण खळखळ, सळसळ, किरकिर, घरघर, टपटप अशा अनुकरणवाचक शब्दांना मोल्सवर्थ आणि त्याच्या पंडितांनी जी जागा दिली आहे ती पाहिली म्हणजे वाटते, मराठी आवाजांचे पहिले संग्रहालय हेच. कोणत्या वस्तूचा, कोणत्या हालचालीचा तो आवाज हे तिथे बारकाईने सांगितलेले असते. वर्गात आम्ही हे शब्द 'ध्वन्यनुकारी' म्हणून एका तासात संपवतो. परीक्षेत त्यांवर एका गुणाचा प्रश्न येतो. त्यांच्यामागची वस्तू मुलांनी ऐकलेली आहे का, हे विचारायचे आम्हांलाही कधी सुचले नाही. मोट पाहिलेली मुले आज वर्गात नाहीत. विजेचे पंप आले आणि मोटेची कुरकुर एका पिढीत संपली. शब्द आहे, त्याचा आवाज नाही.

नाणेघाटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नागनिकेच्या लेखापुढे आणि जकातीच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या त्या दगडी रांजणाशी आम्ही तासभर उभे होतो. कोकणातून चढून येणाऱ्या वाऱ्याने केसाळ टोपीची पर्वा केली नाही. घरी येऊन ऐकले तर अडतीस मिनिटे नुसता फडफडाट.

कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७०च्या आसपास व्हँकूव्हरला आवाजांच्या नोंदीचा एक प्रकल्प सुरू केला आणि 'साउंडस्केप' हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला 'ध्वनिदृश्य' म्हणतात, म्हणजे दारातून घालवलेला डोळा खिडकीतून पुन्हा आत. शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली युरोपातल्या पाच गावांचे आवाज टिपले. पंचवीसेक वर्षांनी फिनलंडच्या अभ्यासकांनी त्याच गावांत जाऊन पुन्हा मुद्रण केले. पहिल्या मुद्रणाची खरी किंमत दुसऱ्या वेळी कळते, हे आम्ही तिथून शिकलो. आपल्याकडे पुण्यात १९८२ साली एक संगीतमानवशास्त्राचे अभिलेखागार निघाले. ते पुढे दिल्लीकडे गेले. अशोक दा. रानडे यांनी मराठीत आवाजाचा, गाण्यापलीकडच्या आवाजाचाही, गंभीर विचार केला. पण सर्वांत मोठे काम झाले ते ओव्यांचे.

ओव्यांचे संग्रह मराठीत आधीही होते. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' आहे, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेली पुस्तके आहेत. ती शब्दांची पुस्तके. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी त्या कागदावर उतरल्या. पुढे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. आता हा संग्रह 'परी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत आहे. ओव्या वाचणे आणि ऐकणे यांत किती अंतर आहे हे आमच्या विद्यार्थ्यांना आता दाखवता येते. कडव्याच्या शेवटी शब्द का ओढला जातो, मध्येच 'गं' का येतो, हे छापील पानावर भरतीचे वाटते.

आता ती चूक. २००३ साली, एम. ए.च्या लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी, आम्ही दोघे आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत गेलो होतो. तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले, आणि त्या पाण्यावरच्या उतारांवर महादेव कोळ्यांच्या वाड्या. एका घरात सत्तरीच्या आजी नाचणी दळत होत्या. आमच्याजवळ उसना टेपरेकॉर्डर आणि साठ मिनिटांची कॅसेट. प्रकल्पात 'स्वच्छ मुद्रण' हवे, असे आम्हांला बजावलेले होते. आम्ही कोंबड्या हाकलल्या, पोरांना बाहेर पाठवले, आणि आजींना म्हणालो, "आजी, जातं जरा थांबवा, आवाज नीट येत नाही."

आजी म्हणाल्या, "जातं थांबल्यावर ववी कुठनं येईल, बाबा?"

आम्ही हसलो आणि आग्रह धरला. त्यांनी खुंटा सोडला, हात मांडीवर ठेवले आणि गायल्या. तीन ओव्यांनंतर अडल्या. पुन्हा पहिल्यावर गेल्या. उजवा हात आपोआप गोल फिरू लागे, मग लाजून थांबे. अकरा ओव्या मिळाल्या. प्रकल्पात आम्ही लिहिले : 'निवेदिकेचे वय झाल्याने स्मरण अपुरे.' हे वाक्य आमच्या हस्ताक्षरात आजही आहे.

यंदा पाचव्या दिवशी घोडेगावहून डिंभ्याला, आणि तिथून सायकली ढकलत त्या वाडीत पोहोचलो. आजी केव्हाच गेल्या. त्यांच्या नातसुनेने ओळख पटल्यावर चहा ठेवला. जात्याची वरची तळी न्हाणीच्या दाराशी पाय ठेवायला टाकलेली. खालची कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. दळण खालच्या गावच्या गिरणीत जाते. आम्ही तिथले आजचे आवाज घेतले : हिरड्याच्या झाडावरची वानरे, मोबाइलवरची रील, सिलिंडरच्या शेगडीचा फुसफुसाट, पलीकडच्या घरातला मिक्सर. बाईंना मिक्सर मुद्रित करण्यात काय अर्थ आहे ते समजेना. आम्हांला नीट सांगता आले नाही.

मग आम्ही ती कॅसेट लावली, म्हणजे तिची संगणकावर घेतलेली प्रत. नातसून, तिची सासू आणि दोन मुले ओसरीवर बसून ऐकत होती. अडखळत चाललेल्या अकरा ओव्या झाल्या. सासूबाई डोळे पुसून म्हणाल्या, "आत्याबाई अशा थांबत नव्हत्या कधी. एका दळणाला पुरून उरायच्या." आम्ही खाली पाहिले.

आम्ही बंद करणार तोच धाकट्या मुलीने हात धरला. अकराव्या ओवीनंतर फीत चालू राहिली होती, हे आम्ही इतक्या वर्षांत ध्यानात घेतले नव्हते. प्रत करतानाही शेवटचा भाग 'रिकामा' म्हणून ऐकला नव्हता. आजी विचारतात, "झालं का?" आम्ही होय म्हणतो. बांगड्या वाजतात. दाणे वैरल्याचा बारीक सरसर आवाज, आणि मग जाते सुरू होते : आधी जड, मग एका लयीत. दाराशी कोंबडी. लांबून कोणीतरी कोणाला तरी हाक मारतो. जात्याच्या घरघरीखाली आजी काहीतरी गुणगुणू लागतात, बारावी ओवी असावी. शब्द लागत नाहीत, कारण आम्ही माइक तोवर उचलून घेतला होता.

मुलीने विचारले, "हा घरघर आवाज कशाचा?" सासूबाईंनी न्हाणीच्या दाराकडे बोट दाखवले. ती उठून त्या दगडावर जाऊन उभी राहिली, आणि फितीवर आमच्यापैकी एकाचा तरुण, घाईचा आवाज आला : "अरे, चालूच आहे. बंद कर."